एका मुगावर एकच अंडं

डब्यात विसरलेले मूग किडले, की ते ताटात ओतून नाक मुरडण्यापलीकडे आपण त्यांच्याकडे पाहत नाही. टाकून देण्याआधी मूठभर दाणे भिंगाखाली धरावेत. हिरव्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले दिसतील. ही कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी. कीड नुकतीच लागलेली असेल, तर ठिपक्यांची वाटणी बघा. बहुतेक दाण्यांवर एकेक, काहींवर दोन. एका दाण्यावर आठ आणि शेजारचे दहा कोरे, असं सहसा आढळत नाही. ठिपके कुणी डोळे मिटून उधळले असते, तर काही दाण्यांवर गर्दी झाली असती आणि बरेच दाणे मोकळे राहिले असते. इथली वाटणी त्याहून कितीतरी समान असते. म्हणजे अंडी घालताना काहीतरी मोजलं जातंय.

मोजणारी मादी असते जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. तिच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस. प्रौढ आयुष्य आठवड्या-दोन आठवड्यांचं, आणि त्यात खाण्यापिण्याची तिला गरज नसते. अळी असताना दाण्यात जे पोटात गेलं, त्याच शिदोरीवर तिची ऐंशी-शंभर अंडी तयार होतात. प्रत्येक अंडं ती दाण्याच्या सालीला घट्ट चिकटवते. अळी अंड्याच्या तळाकडून बाहेर पडते ती थेट दाण्यात शिरते, मोकळी हवा तिला लागतच नाही. साल कोरताना निघालेला भुसा मागच्या टरफलात साठतो, आणि आधी पारदर्शक असलेलं अंडं पांढरं दिसायला लागतं. पुढं ती दाण्यातच वाढते, तिथंच कोषात जाते, आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. एका दाण्यातून दुसऱ्या दाण्यात जायची सोय अळीला नाही. आईनं निवडलेला दाणा हेच तिचं घर आणि तेवढंच तिचं जेवण. मुगासारख्या लहान दाण्यात दोन अळ्या शिरल्या, तर दोघींची आबाळ होते किंवा एक मरते. भरलेल्या दाण्यावर घातलेलं अंडं बहुतेकदा वायाच जातं.

रॉजर मिचेल या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७५ साली या भुंगेऱ्याच्या अंडी घालण्याच्या रीतीवर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. नंतर फ्रँक मेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धागा पुढं नेला. मादी दाण्यावर चढते, मिशांनी आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांनी तो चाचपते. आधीच्या मादीनं मागं ठेवलेला रासायनिक वास तिला कळतो, प्रत्यक्ष चिकटलेली अंडीही कळतात. इथवर फारसं नवल नाही. नवल पुढं आहे. 'अंडं आहे' आणि 'अंडं नाही' एवढाच फरक तिला कळतो असं नाही. एक अंडं असलेला दाणा आणि तीन अंडी असलेला दाणा यांतला फरकही कळतो. सगळेच दाणे भरलेले असतील, तर ती त्यातल्या त्यात कमी भरलेला निवडते. आकडे मोजायची तिला गरज नाही. आत्ता पायाखाली असलेला दाणा मघाशी पाहिलेल्या दाण्यांपेक्षा बरा आहे की वाईट, एवढी तुलना पुरते. एवढ्या एका नियमातून भिंगाखाली दिसणारी ती समान वाटणी तयार होते.

ही सवय दगडावरची रेघ नाही. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली भागातून गोळा केलेला या भुंगेऱ्याचा एक वाण अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं मुगावर वाढवला जातो. अंड्यांची वाटणी करण्यात हा वाण अतिशय काटेकोर. त्यातल्या काही किड्यांना मेसिनांनी मुगाऐवजी चवळीवर वाढवलं. चवळीचा दाणा मोठा, त्यात एकाहून जास्त अळ्या सुखानं पोसल्या जातात. काही डझन पिढ्या गेल्यावर चवळीवरच्या माद्यांचा काटेकोरपणा सैल झाला. जिथं चुकीची किंमत कमी, तिथं चोखंदळपणाही उतरत जातो.

आपल्याकडं कडधान्याला एरंडेलाचं बोट लावून ठेवायची पद्धत आहे, तिचा संबंध याच अंड्याशी आहे. तेलकट सालीवर अंडं नीट चिकटत नाही, आणि चिकटलंच तर तेलाच्या थरात गुदमरतं. डब्यात बिब्बे टाकण्याबद्दल मी एवढ्या खात्रीनं बोलणार नाही, पण एरंडेलाच्या बाबतीत आजीचं बरोबर होतं.

पक्षीण अंडी घातल्यावर पिल्लांना भरवते, राखते, प्रसंगी एखादं पिल्लू दुबळं निघालं तर त्याला मागं टाकते. तिला चूक दुरुस्त करायला सवड असते. बहुतांश कीटकांमध्ये आई आणि लेकरू एकमेकांना कधी भेटतच नाहीत. अंडं शरीराबाहेर पडलं की आईचं काम संपलं. म्हणून अन्न, ओल, ऊन, शत्रू, गर्दी हे सगळे प्रश्न अंडं घालण्याच्या त्या काही क्षणांतच सुटावे लागतात. इथं मी 'ठरवते', 'निवडते' असे शब्द वापरतो आहे ते सोयीपुरते. ती विचार करते असा दावा नाही. काही ठरावीक खुणा तपासायच्या आणि त्या जुळल्या की अंडं सोडायचं, अशी यंत्रणा लाखो पिढ्यांच्या चाळणीतून उरलेली आहे. आणि त्या खुणा किती साध्या असतात हेच या सगळ्यातलं खरं आश्चर्य आहे.

बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी अनेकांनी पाहिली असेल. ती लिंबावरच्या फुलपाखराची, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियसची. याची मादी लिंबू, कढीपत्ता, बेल अशा झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालत फिरते. ती उडताना आधी रंग पाहते, मग पानावर उतरून पुढच्या पायांनी भराभर टपटप करते. पायांवरच्या सूक्ष्म केसांना चव कळते. पान ओळखीचं निघालं तरच पोट वाकवून अंडं चिकटवते. रंगाचा हा भाग डोरा इल्झे या जर्मन संशोधिकेनं १९३७ साली कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांत दाखवला होता: अंडी घालायला निघालेल्या माद्या हिरव्या कागदावरसुद्धा उतरून पाय आपटत. पुढं इल्झे पुणे विद्यापीठात आल्या. त्यांनी आणि वि. ग. वैद्य यांनी लिंबावरच्या फुलपाखरांच्या रंगज्ञानावर १९५६ साली एकत्र शोधनिबंध लिहिला. आणि अंडी घालताना या फुलपाखराला कोणत्या दृश्य खुणा उपयोगी पडतात यावरचा वैद्यांचा स्वतंत्र निबंध १९६९ साली 'अॅनिमल बिहेवियर' या नियतकालिकात आला. पुण्यातलं हे काम आज पुण्यातच फारसं कुणाला ठाऊक नाही.

चवीची खूण कधी चमत्कारिक वाटणाऱ्या जागीही नेते. हेच फुलपाखरू बावचीवर अंडी घालतं. लिंबू एका कुळातलं, बावची शेंगांच्या कुळातली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघांमध्ये पुष्कळ अंतर आहे. पण फ्युरानोकुमरीन गटातली रसायनं दोन्हींत सापडतात. फुलपाखराच्या पायांना कुळाचं नाव कळत नाही, रसायन कळतं.

एकेक अंडं विखरून घालायचं की पुंजका एकाच जागी घालायचा, हा त्यानंतरचा प्रश्न. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली हेलिकोनियस फुलपाखरं कृष्णकमळाच्या वेलींवर अंडी घालतात. त्यांच्या अनेक जातींच्या अळ्या आपल्याच भावंडांना खातात, म्हणून मादी आधी अंडं असलेला कोंब टाळते. काही वेलींनी याचा फायदा उठवला आहे. त्यांच्या पानांवर आणि देठांवर पिवळे उंचवटे येतात, हुबेहूब हेलिकोनियसच्या अंड्यांसारखे. कॅथी विल्यम्स आणि लॉरेन्स गिल्बर्ट यांनी १९८१ साली प्रयोग करून दाखवलं, की असे उंचवटे असले की मादी अंडी घालायला कचरते. म्हणजे झाडानं खोटी अंडी दाखवून खरी अंडी परतवली. आपल्याकडच्या कृष्णकमळावर मात्र दुसरीच तऱ्हा दिसते. तिथं टॉनी कॉस्टर नावाचं नारिंगी फुलपाखरू पुंजक्यानं अंडी घालतं आणि काटेरी अळ्या घोळक्यानं वेल फस्त करतात. या अळ्या बेचव, भक्ष्य म्हणून नकोशा. घोळक्यात राहण्यात त्यांचं नुकसान नाही, उलट एकीची चव घेतलेला पक्षी बाकीच्यांना सोडून देतो.

शेतकऱ्यांना हा फरक वेगळ्या कारणानं माहीत असतो. हरभऱ्यावरची घाटेअळी अंडी एकेक करून पसरते, त्यामुळं ती शोधून काढणं जिकिरीचं. स्पोडोप्टेरा या पतंगाची मादी मात्र शेकडो अंडी एका ठिकाणी घालून त्यावर अंगावरच्या केसांचं पांघरूण घालते. सोयाबीन किंवा भुईमुगात फिरताना असे अंडीपुंज आणि बारक्या अळ्यांनी जाळीदार केलेली पानं तोडून नष्ट करा, असा सल्ला दिला जातो तो म्हणूनच. शंभर अळ्यांचा प्रश्न एका पानात सुटतो.

किती अंडी, या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या एका गांधीलमाशीकडं आहे. ट्रायकोग्रामा तिचं नाव. उसाच्या पट्ट्यात हिला ओळखणारे खूप भेटतील, कारण खोडकिडीविरुद्ध ऊस उत्पादक ट्रायकोकार्डं लावतात. पोस्टकार्डासारख्या एका कार्डावर तांदळावरच्या पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात, आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामाची अंडी असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचल्या, की काही दिवसांत माश्या बाहेर पडतात आणि खोडकिडीची अंडी शोधून त्यांत स्वतःची अंडी घालतात. पतंगाच्या अंड्यातून अळीऐवजी गांधीलमाशी निघते.

पतंगांची अंडी लहान-मोठी असतात. तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यात सहसा एकच माशी मावते. मोठ्या पतंगाच्या अंड्यात दहा-वीससुद्धा पोसतात. आत जास्त घातली तर सगळी खुरटतील, कमी घातली तर अन्न वाया जाईल. म्हणजे अंडं घालण्याआधी यजमान अंड्याचं आकारमान कळायला हवं. अर्ध्या मिलिमीटरच्या जिवानं गोलाचं घनफळ कसं काढायचं? टोरांटोत जोनाथन श्मिट आणि जे. जे. बी. स्मिथ यांनी १९८० च्या दशकात याचा छडा लावला. माशी अंड्यावर चढते आणि पहिल्यांदा त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाते. या पहिल्या फेरीला किती वेळ लागला, यावर ती किती अंडी घालणार ते ठरतं. फेरी लांबली तर अंडं मोठं, अंडी जास्त. संशोधकांनी तिची वाट मध्येच अडवली, फेरी लवकर संपली, आणि तिनं कमी अंडी घातली. अंड्याचा आकार तोच होता. १९८७ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. अंतर मोजायला फूटपट्टी नको, चालण्याचा वेळ पुरे; गावाकडं 'दोन विड्या ओढेपर्यंतचा रस्ता' म्हणतात, तोच हिशोब.

याच माशीवर केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी १९३० च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवली होती. ट्रायकोग्रामा ज्या अंड्यावरून चालून गेली, त्यावर तिच्या पावलांचा वास राहतो आणि दुसरी माशी ते अंडं टाळते. सॉल्ट यांनी अशी अंडी पाण्यानं धुतली. वास गेला, आणि माश्या पुन्हा त्यांवर चढल्या. काही जणी मग अंडनळी आत घालून पाहत आणि आत आधीचं अंडं आहे हे कळताच परत फिरत. म्हणजे दोन चाचण्या, एक बाहेरची आणि एक आतली. सफरचंदाच्या फळमाशीची मादीही अंडं घातल्यावर फळावर पोट घासत फिरते आणि खूण सोडते; रोनाल्ड प्रोकोपी यांनी १९७२ साली हे सिद्ध केलं.

गांधीलमाश्यांकडं आणखी एक हुकमी पत्ता असतो. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. आईनं शुक्राणू साठवून ठेवलेले असतात. अंडं बाहेर पडताना ते सोडायचे की नाही, हे तिच्या हाती. म्हणजे 'कुठं' आणि 'किती' यांच्या जोडीला 'मुलगा की मुलगी' हाही प्रश्न. ट्रायकोग्रामा एका यजमान अंड्यातल्या सुरुवातीच्या काही अंड्यांतच एखादा नर उरकून घेते, बाकी सगळ्या माद्या. भाऊ बहिणींशी तिथल्या तिथं मीलन करतो, मग दुसऱ्या नराची गरज काय? बिल हॅमिल्टन यांनी १९६७ साली याचं गणित मांडलं. एका बंदिस्त जागी एकच आई असेल, तर मुलगे अगदी मोजके हवेत. दोन आया असतील तर सुमारे एक चतुर्थांश मुलगे, आणि आया वाढत गेल्या तर प्रमाण निम्म्याकडं सरकत जायला हवं, कारण आता आपल्या मुलग्यांना दुसऱ्यांच्या मुलींशीही मीलन करता येतं.

हे गणित पडताळायला निसर्गात सर्वांत सोयीची जागा अंजीर-उंबराच्या कुळात सापडते. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात. खरं तर प्रत्येक उंबर आतून फुलांनीच गच्च भरलेला असतो. टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून गांधीलमाशीची मादी आत घुसते, घुसताना तिचे पंख झडतात, आणि आत अंडी घालून ती तिथंच मरते. म्हणून एका फळात किती आया आल्या, हे मेलेल्या माश्या मोजून कळतं. अॅलन हेरे यांनी पनामातल्या अंजिराच्या जातींवर हे मोजलं आणि १९८५ साली दाखवलं, की आयांची संख्या वाढते तसं मुलग्यांचं प्रमाणही हॅमिल्टन यांच्या दिशेनंच वाढतं. अंडी कुठं घालायची, हा प्रश्न इथं उंबराचं झाड स्वतःच अर्धा सोडवून टाकतं. काही फुलांची कुक्षिनळी आखूड असते, काहींची लांब. माशीची अंडनळी आखूड फुलांच्या बुडाशी पोहोचते, तिथं पिल्लं होतात. लांब फुलांच्या बुडाशी सहसा पोहोचत नाही, तिथं बी धरतं. उंबर फोडल्यावर उडणारी चिलटं पाहून तो फेकून देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्या चिलटांवाचून उंबराला बी धरलं नसतं.

सगळ्या अंड्यांना सारखीच रसद द्यायची, असंही नाही. वाळवंटी टोळांची मादी ओलसर वाळूत पोट खुपसून दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंड्यांची कांडी पुरते. वाळू कोरडी किंवा खारट लागली, तर पोट बाहेर काढून दुसरीकडं खणते. एकटी राहणारी मादी एका कांडीत ९५ ते १५८ अंडी घालते. झुंडीत राहणारी मादी ८० हूनही कमी घालते, पण तिची अंडी मोठी असतात आणि पिल्लं अधिक दणकट निघतात. झुंडीत जन्मणाऱ्या पिल्लाला लगेच चालत सुटायचं असतं, म्हणून कमी पण भक्कम. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेल्या टोळधाडी याच जातीच्या होत्या.

आणि मग वेळ. प्रत्येक मादीचे दोन साठे असतात: शिल्लक अंडी आणि शिल्लक आयुष्य. अंडी संपायच्या बेतात असतील, तर एकेक अंडं जपून, चांगलीच जागा बघून घातलं जातं. आयुष्य संपायच्या बेतात असेल, तर जी जागा मिळेल ती. याचा फार सुंदर पुरावा बर्नी रॉयटबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली 'नेचर'मध्ये दिला. फळमाश्यांच्या अळ्यांत अंडी घालणाऱ्या एका गांधीलमाशीभोवतीचा हवेचा दाब त्यांनी कमी केला, जसा वादळाआधी उतरतो. एवढ्या लहान जिवाला वादळ म्हणजे मरण. दाब उतरताच त्या माश्यांनी आधीच अंडं असलेल्या अळ्यांतही अंडी घालायला सुरुवात केली. एरवी त्या अशा अळ्या टाळत.

शत्रूचा हिशोबही होतो. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, मद्यार्क असलेल्या फळांवर वाढतात. त्यांच्या अळ्यांत अंडी घालणारी गांधीलमाशी मात्र मद्यार्क फारसा सोसू शकत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ड्रोसोफिलाच्या माद्यांना या गांधीलमाश्या दाखवल्या. दिसताच त्यांनी जास्त मद्यार्क असलेलं अन्न अंड्यांसाठी पसंत केलं. गांधीलमाशीचे नर दाखवले तेव्हा काही फरक पडला नाही. नर अंडी घालत नाहीत. पिल्लांना औषध पाजण्याचा याहून लहान मेंदूतला नमुना मला माहीत नाही.

पण खुणा साध्या म्हणजे फसवणंही सोपं. मेफ्लाय नावाच्या कीटकाची मादी पाण्यावर अंडी टाकते, आणि पाणी ओळखते ते त्याच्यावरून परावर्तित होणाऱ्या आडव्या ध्रुवित प्रकाशावरून, म्हणजे एकाच आडव्या दिशेत कंपणाऱ्या प्रकाशावरून. हंगेरीतल्या ग्योर्गी क्रिस्का आणि गाबोर होर्वाथ यांनी १९९८ साली दाखवलं, की कोरडा डांबरी रस्ता असा प्रकाश पाण्याहूनही जोरात परावर्तित करतो. शेजारी खराखुरा ओढा वाहत असताना माद्या डांबरावर अंडी टाकत होत्या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या चकचकीत बॉनेटवर चतुर शेपटी टेकवताना दिसतो, तोही याच फसगतीत सापडलेला. लाखो वर्षं जगात आडवं चकाकणारं दुसरं फारसं काही नव्हतं, त्यामुळं नियम अचूक होता. डांबरी रस्ते येऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली.

शेतीत हीच फसवणूक मुद्दाम करता येते. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं सुचवलेली रीत अशी, की कोबीच्या दर पंचवीस ओळींनंतर मोहरीच्या ओळी लावाव्यात. पतंग तिथं अंडी घालतात आणि फवारणी तेवढ्याच मोहरीवर करता येते. टोमॅटोच्या कडेनं झेंडू आणि भुईमूग-कपाशीच्या कडेनं एरंडी लावतात ती याच तत्त्वावर. सापळा पीक म्हणजे मादीच्या आवडीनिवडीचा आपण केलेला वापर. मात्र सापळा लावून विसरलं, अंडीपुंज तोडले नाहीत, तर तो सापळा राहत नाही, पैदाशीचं कुरण होतं. माझ्या मते सापळा पिकं बदनाम झाली ती बहुतेक या दुसऱ्या अर्ध्या कामाच्या आळसानं.

हा सगळा विषय अभ्यासकांपुरता वाटत असेल, तर डासांकडं या. क्युलेक्स डासाची मादी शंभर-दोनशे अंडी एकत्र चिकटवून त्यांचा तराफा गटाराच्या पाण्यावर तरंगत सोडते. तिच्या अंड्यांतून एक रसायन बाहेर पडतं. ते १९८२ साली ओळखलं गेलं. त्या वासानं दुसऱ्या क्युलेक्स माद्या तिथंच येतात. भुंगेऱ्याच्या अगदी उलट: आधीची अंडी म्हणजे जागा चांगली असल्याची खूण. डेंग्यू पसरवणारी एडिस मादी या दोघींहून वेगळी वागते. ती स्वच्छ साठवलेलं पाणी निवडते, पण अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर भिंतीवर एकेक करून चिकटवते. शिवाय एकाच वेळची अंडी अनेक भांड्यांत वाटून टाकते, म्हणजे एक भांडं उपडं झालं तरी बाकीची वाचतात. पाणी आटलं तरी ही अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात.

म्हणून आठवड्यातून एकदा पाळायच्या कोरड्या दिवशी नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. पिंप, हौद, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली रिकामी केल्यावर आतल्या कडा घासणीनं खरवडून घासा आणि मगच पाणी भरा. आपल्या गल्लीतल्या जुन्या टायरांचंही पाहा, कारण टायर उपडा होत नाही आणि त्याच्या आतली कड कुणी घासत नाही.